बहिणाबाई चौधरी : शेतात राबता राबता आनंद सापडलेली माउली

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



नागपंचमी जवळ आली. कपाशीत निंदणी चालू आहे, केळीच्या बागांत पिलं कापायची कामं आहेत. आणि घरोघरी एकच बोलणं ऐकू येतं, की शेतीत आता काही राम राहिला नाही. कधी वादळ येतं आणि निसवलेली बाग आडवी होते. कधी सीएमव्हीसारखा रोग येतो आणि वाढवलेली झाडं उपटून बांधावर टाकावी लागतात. कधी माल चांगला येतो, तर नेमका भाव नसतो. मुलं म्हणतात, आम्ही इंदूरला नाहीतर पुण्याला नोकरी बघतो. त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

सत्संगात आपण सगळे म्हणतो की कर्म हीच पूजा. पण दिवसभर उन्हात वाकून ज्याची कंबर धरली आहे, त्याला ही पूजा वाटावी कशी? बांधावर उभं राहून आनंदाच्या गोष्टी सांगणं सोपं असतं. म्हणून या वेळच्या चरित्रचिंतनासाठी आम्ही अशी माउली निवडली आहे, जी आयुष्यभर बांधाच्या आत उभी होती. हातात खुरपं होतं, डोक्यावर ओझं होतं, घरात दुःख होतं, आणि तरी ओठांवर गाणं होतं. त्या म्हणजे जळगावच्या बहिणाबाई चौधरी.

एक खुलासा आधीच करतो. संत तुकाराम महाराजांच्या शिष्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. त्या वेगळ्या. या बहिणाबाई शेतकरीण, अलीकडच्या काळातल्या, आणि आपल्या अगदी शेजारच्या. आपल्या राजघाटावरून वाहणारी तापीमाई पुढे ज्या मुलखात जाते, तो त्यांचा मुलूख. बुऱ्हाणपूरहून रेल्वेत बसलं की रावेर, निंभोरा, सावदा, भुसावळ करत जळगाव येतं. फारुकी राजांच्या काळात तर बुऱ्हाणपूर हीच खानदेशची राजधानी होती. त्यामुळे बहिणाबाईंची काळी माती, त्यांची कपाशी, त्यांचं ऊन आणि पुष्कळशी बोलीसुद्धा आपल्याला परकी नाही.

*माहेर आणि सासर*

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी जळगावजवळच्या असोदे गावी झाला. नागपंचमीला शेतकरी नांगर-वखर चालवत नाही, जमीन खणत नाही. वर्षभर राबणाऱ्या मातीला त्या दिवशी विश्रांती. अशा दिवशी जन्मलेल्या या मुलीचं सगळं आयुष्य मात्र त्याच मातीत राबण्यात गेलं. वडिलांचं नाव उखाजी महाजन, आईचं नाव भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी. भरलेलं घर, शेतीचं घर.

त्या काळी मुलीला शाळेत घालायची पद्धत नव्हती. बहिणाबाईंना लिहिता-वाचता कधीच आलं नाही. पण घरात जातं होतं, आणि जात्याभोवती ओव्या होत्या. आखाजीला झोके होते, झोक्यांवरची गाणी होती. भुलाबाईची गाणी होती. गावात कीर्तन-भजन होतं. आपल्या आज्या-पणज्यांनाही हीच शाळा होती. पुस्तक नव्हतं, पण कान तयार होता.

तेराव्या वर्षी लग्न झालं. जळगावच्या चौधरी वाड्यातले नथुजी खंडेराव चौधरी हे त्यांचे पती. सासर मोठं होतं. त्या काळातल्या शेतकरी घरातल्या सुनेचा दिवस कसा असायचा, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. अंधार असतानाच दळण, मग पाणी, झाडलोट, शेण, चूल, भाकरी. उजाडल्यावर शेत. दिवेलागणीला परत, आणि पुन्हा चूल. सुट्टी असा शब्दच त्या आयुष्यात नव्हता.

काळही कठीण होता. बहिणाबाई विशीच्या उंबरठ्यावर असताना १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी त्याच्या गोष्टी वाडवडिलांकडून ऐकल्या असतील. त्याच काळात प्लेगच्या साथी येत-जात होत्या. पीक हातात येईल की नाही आणि घरातलं माणूस उद्या असेल की नाही, दोन्हींची खात्री नव्हती.

*तिसाव्या वर्षी आलेलं संकट*

बहिणाबाई साधारण तीस वर्षांच्या असताना नथुजी गेले. पदरात तीन लेकरं होती. मुलगी काशी, मुलगे ओंकार आणि सोपान. सोपानचा जन्म १९०७ चा, म्हणजे तो अगदी लहान होता.

त्या काळातलं वैधव्य म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सणाला पुढे यायचं नाही, शुभकार्यात मागे राहायचं, आणि राबायचं मात्र सगळ्यांच्या आधी. पुढची चार दशकं बहिणाबाईंनी अशीच काढली. शेती केली, लेकरं वाढवली.

इथे आपण जरा थांबू या. अशा जागी माणसाचं दोनपैकी एक होतं. एक तर तो आतून सुकतो आणि काम फक्त ओढत राहतो. नाहीतर तो कडू होतो आणि आपलं दुःख दुसऱ्यावर काढतो. आपल्या घरांत आपण दोन्ही पाहिलेलं आहे. बहिणाबाईंचं दोन्ही झालं नाही. दुःख त्यांनी लपवलं नाही, उलट त्यावर गाणी केली. त्या गाण्यांत रडणं आहे, पतीची आठवण आहे, एकटेपण आहे. पण ते गाणं संपेपर्यंत त्या स्वतःच स्वतःला उठवतात, लेकरांकडे बघतात आणि कामाला लागतात.

नशिबाबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं. भविष्य सांगायला दारात आलेल्या ज्योतिष्याला आल्या पावली परत पाठवणारं त्यांचं एक गाणं प्रसिद्ध आहे. देवावर त्यांची श्रद्धा गाढ होती. विद्येच्या देवीला तर त्यांनी आपली आईच मानलं. पण श्रद्धा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं त्यांना कधी वाटलं नाही. सद्गुरू आपल्याला पुरुषार्थ आणि शरणागती दोन्ही एकत्र सांगतात. ते दोन्ही एका माणसात कसं राहतं, ते इथे दिसतं.

*काम आणि गाणं वेगळं नव्हतं*

बहिणाबाई गाणी करायला कधी वेगळ्या बसल्या नाहीत. तेवढा वेळच नव्हता. जातं फिरताना, चूल पेटवताना, शेतात निंदताना, खळ्यावर धान्य उपणताना त्यांना गाणं सुचायचं. ते खानदेशी लेवा बोलीतलं, ओवीच्या चालीवर. हात कामात आणि जिभेवर ओवी.

त्यांच्या गाण्यांचे विषय बघितले तर कळतं की त्यांची नजर कुठे होती. पेरणी झाल्यावर मातीच्या पोटात निजलेलं बी, आणि त्याला फुटणारा कोंभ. विहिरीवर चालणारी मोट आणि ती हाकणारा माणूस. खळ्यावर बैलांची फिरणारी पात. उपणायला उभं राहिल्यावर वाऱ्याची बघितलेली वाट. पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल. झाडाला लटकणारं सुगरणीचं घरटं. घरातला तवा, चूल, जातं. यातली एकही गोष्ट दूरची नाही. ज्या शेतात हजारो माणसं रोज राबत होती, त्याच शेतात त्यांना हे सगळं दिसत होतं.

खळ्याचंच उदाहरण घेऊ. आता मळणीयंत्र आलं, तासाभरात पोती भरतात. तेव्हा कणसं खळ्यावर पसरून त्यावर बैल फिरवायचे. मग दाणा आणि भूस वेगळं करायला उंचावर उभं राहून, सुपातून किंवा पाटीतून ते हळूहळू खाली सोडायचं. दाणा जड, तो सरळ खाली. भूस हलकं, ते वाऱ्याबरोबर बाजूला. पण वारा आला तरच. वारा पडला की हात वर धरून थांबायचं. डोळ्यांत धूळ, अंगाला खाज, खांदे भरून आलेले. हे काम ज्यांनी केलं आहे त्यांना विचारा, यात मजेदार असं काही नाही. बहिणाबाईंनी याच जागी उभं राहून वाऱ्याशी बोलणं सुरू केलं. घरच्या माणसाला हाक मारावी तशी त्यांनी वाऱ्याला हाक मारली. वारा त्यांच्या हाकेने आला असेल किंवा नसेल, पण वाट बघण्याचा तो वेळ वाया गेला नाही. तो वेळ गाण्याचा झाला.

मनाबद्दल गातानाही त्यांना उदाहरण सापडलं ते शेतातलंच. कितीही हाकललं तरी पुन्हा पिकात घुसणारं जनावर आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ध्यानाला बसलं की आपलं मन काय करतं, हे समजावून सांगायला मोठमोठे ग्रंथ आहेत. बहिणाबाईंना ते गुरं राखताना समजलं.

आणि त्यांना फक्त गोड गोड दिसत होतं असंही नाही. माणसाचा स्वार्थ, कृतघ्नपणा यावर त्यांनी चांगलेच फटके मारले आहेत. गाय, कुत्रा यांच्याकडे बोट दाखवून माणसाला लाज वाटावी असं त्या बोलल्या. म्हणजे आनंदी असणं याचा अर्थ अन्याय दिसू नये, असा त्यांनी घेतला नाही. शेतकऱ्याने भावासाठी बोलू नये, नुकसानभरपाई मागू नये, फक्त भजन करत राबावं, असा अर्थ आपणही काढायचा नाही. हक्काचं मागायचंच. पण ते मिळेपर्यंतचे सगळे दिवस कडू करून घ्यायचे का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो प्रत्येकाने आपल्यापुरता सोडवायचा आहे.

*फळाची आशा नसलेलं काम*

आता या चरित्रातला आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग सांगतो.

बहिणाबाईंना आपली गाणी लिहून ठेवता येत नव्हती. सुचलं, गायलं, आणि वाऱ्यावर गेलं. त्यांतली किती गेली याचा हिशोब कोणाकडे नाही. जी उरली ती मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ऐकून ऐकून वहीत उतरवली म्हणून. सोपानदेव पुढे स्वतः मराठीतले नावाजलेले कवी झाले. पण आईची गाणी बरीच वर्षं त्या वहीतच होती.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावला बहिणाबाईंनी देह ठेवला. वय एकाहत्तर. तोवर बाहेरच्या जगाला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे ती वाचून थक्क झाले. हे महाराष्ट्रासमोर आलंच पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला आणि स्वतः प्रस्तावना लिहिली. १९५२ साली सुचित्रा प्रकाशनाने 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक काढलं. पुढे १९६१ च्या 'मानिनी' या चित्रपटातून त्यांची गाणी घराघरांत गेली. शाळेच्या पुस्तकांत त्या आल्या. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं गेलं. ज्या बाईला सही करता आली नाही, तिचं नाव आज पदवीच्या कागदावर छापलं जातं.

पण यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. ना पुस्तक, ना कौतुक, ना पैसा. कोणी ऐकेल, कोणी लिहून घेईल, कोणी शाबासकी देईल, म्हणून त्या गात नव्हत्या. खुरपं चालवताना गाणं आलं, एवढंच. भगवद्गीतेतला निष्काम कर्मयोग आपण प्रवचनात पुष्कळ वेळा ऐकतो. ऐकताना तो अवघड वाटतो, साधुसंतांनाच जमणारा वाटतो. इथे तो एका संसारी, निरक्षर, कष्टकरी बाईच्या रोजच्या दिवसात दिसतो.

म्हणून आम्हाला असं वाटतं, की बहिणाबाईंना आनंद कामाच्या शेवटी मिळाला नाही. शेवटी काय मिळेल, हे शेतकऱ्याच्या हातात कधीच पूर्णपणे नसतं. पाऊस हातात नाही, वारा हातात नाही, मंडीतला भाव हातात नाही. त्यांचा आनंद काम चालू असतानाच होता, आणि तो बघण्यात होता. बी कसं फुटतं, वारा कसा येतो, पाखरू घर कसं बांधतं, हे बघण्यात. हे बघणं कोणत्याही भावाने पडत नाही आणि कोणत्याही वादळाने आडवं होत नाही. तेराव्या शतकात अरणगावच्या संत सावता माळ्यांनी आपल्या भाजीच्या मळ्यातच पांडुरंग पाहिला. विसाव्या शतकात बहिणाबाईंनी तेच आपल्या शेतात केलं. शेतीत राम राहिला नाही, असं आपण म्हणतो. या दोघांनी शेतातच त्याला शोधलं.

*आपल्यासाठी*

आता आपल्याकडे या. केळीचं पान उलगडताना आपण शेवटचं नीट कधी बघितलं? आधी ते सुरळीसारखं गुंडाळलेलं असतं, मग सावकाश उघडतं. निसवण होते तेव्हा कमळ बाहेर पडतं, एकेक पाकळी वर उचलली जाते आणि खाली एकेक फणी दिसू लागते. आपल्या जिल्ह्यात हे रोज घडतं. आपण त्या बागेतूनच जातो, पण डोक्यात उधारी असते, डोळे मोबाईलवर असतात. उधारी खोटी नाही. पण ती दिवसभर डोक्यात फिरवल्याने कमी होते असंही नाही.

मुलांनी शिकावं, नोकरी करावी, यात काही वाईट नाही. बहिणाबाईंचे सोपानदेवही शिकले. पण शेती म्हणजे हरलेल्या माणसाचं काम, असं मुलांसमोर आपण रोज बोलत असू, तर ती गेल्यावर तक्रार कोणाकडे करायची? जे काम आपण स्वतः मान खाली घालून करतो, त्याचा मान दुसरा कोणी ठेवणार नाही.

सद्गुरुकृपेने या पंधरवड्यासाठी परिवारातल्या सर्वांनी तीन छोटे संकल्प करावेत, अशी नम्र विनंती :

१) शेतात, बागेत, गोठ्यात किंवा स्वयंपाकघरात, जिथे आपलं काम असेल तिथे, रोज निदान एक गोष्ट नीट बघायची. कालच्यापेक्षा आज तिच्यात काय बदललं ते रात्री जेवताना घरात सांगायचं. मुलांनाही सांगायला लावायचं.

२) निंदायला, कापणीला, घड वाहायला जी माणसं आपल्याकडे मजुरीने येतात, त्यांच्याशी दोन शब्द मानाने बोलायचे, आणि त्यांची मजुरी वेळेवर द्यायची. त्यांचं थकणं आपल्याला दिसत नसेल, तर आपल्या नामस्मरणात काहीतरी कमी आहे.

३) घरातली आजी, आत्या, मावशी, काकू यांना जात्यावरच्या ओव्या, आखाजीची किंवा भुलाबाईची गाणी येत असतील तर ती म्हणायला लावा. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि घरच्या ग्रुपवर टाका. आवाज कापरा असला, मधे खोकला आला, मागे म्हैस ओरडली, तरी चालेल. बहिणाबाईंची गाणी एका वहीमुळे वाचली. आपल्याकडे वहीपेक्षा सोपं साधन खिशात आहे. गाणं म्हणणारी माणसं मात्र दरवर्षी कमी होत आहेत, म्हणून हे पुढच्या सणावर ढकलू नका.

ज्यांना जळगावला जाणं होतं त्यांनी वेळ काढून जुन्या जळगावातला चौधरी वाडाही बघून यावा. लेकरांना सोबत न्यावं. एवढी मोठी कवयित्री एका साध्या शेतकरी घरात राहत होती आणि शेतीचीच कामं करत होती, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं बरं.

या नागपंचमीला मातीला विश्रांती देताना बहिणाबाईंचीही आठवण करू या. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुरपं हातात घ्यायचंच आहे. ते घेताना ओठांवर सद्गुरूंचं नाम असू द्या, नाहीतर आजीची एखादी ओवी असू द्या. दोन्ही पोहोचतात एकाच ठिकाणी.

सर्वांचं पीक चांगलं येवो, मालाला योग्य भाव मिळो, आणि घरात समाधान नांदो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना 🙏

(वाचून झाल्यावर घरातल्या मोठ्यांना मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती.)